३५० चा ३८३ करताना रॉड नेमका कुठे अडतो

शेव्हरोलेच्या ३५० क्युबिक इंचाच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनमध्ये ३.४८ इंचाऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली अंतराचा) क्रँक बसवून बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच केला की ३८३ क्युबिक इंच मिळतात. पण क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतात ती पिन, केंद्रापासून ३.४ मिमी बाहेर सरकते आणि तेवढी जागा मूळ ब्लॉकमध्ये नसते.

पहिली अडचण पॅन रेलजवळ (ब्लॉकची खालची कड, जिथे ऑइल पॅन बसतो) आणि सिलिंडरच्या खालच्या कडेला. रिंगा न घालता पिस्टन-रॉड जोडा, बोल्ट घट्ट करा, क्रँक हाताने सावकाश फिरवा. रॉड आणि ब्लॉकमध्ये किमान १.५ मिमी फट हवीच, कारण वेगात रॉड ताणतो आणि क्रँकही लवतो. कमी भरली तर ब्लॉकवर मार्करने खूण करून थोडंच घासा, पुन्हा मोजा. हावरटपणे घासलंत तर वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली थंड पाण्याची पोकळी) उघडं पडेल आणि ब्लॉक वाया जाईल.

खरी फसगत कॅमपाशी होते. १, २, ५ आणि ६ नंबरच्या सिलिंडरचे रॉड बोल्ट कॅमच्या लोबजवळून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांजवळून) जातात. कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून टायमिंग चेन लावून, कॅम डिग्री करून (क्रँकच्या अंशांशी नेमका जुळवून) क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या तपासा. १.५ मिमी जाडीचा प्लास्टिकचा केबल टाय मधून सरकवला की लगेच कळतं. अडलं तर कॅप स्क्रूचे रॉड (नट-बोल्टऐवजी थेट रॉडमध्ये आवळायचे स्क्रू असलेले) किंवा लहान बेस सर्कलचा (लोबचा गोल भाग लहान असलेला) कॅम घ्या. रॉड बोल्टचं डोकं घासणं मला पटत नाही.

व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर पिस्टनवर ठेवलेल्या मऊ मातीच्या (मॉडेलिंग क्ले) गोळ्याने मोजा: इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५. ऑइल पॅनही गॅस्केटसकट लावून बघा. ब्लॉक शेवटचा धुवायचा तो हे सगळं घासकाम संपल्यावरच.