गुडघ्याला तारीख असते का? एनएफएल ड्राफ्टमधलं मेडिकल

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. दर एप्रिलमध्ये तिचे संघ कॉलेजच्या खेळाडूंना क्रमाक्रमानं निवडतात, तो ड्राफ्ट. त्याच्या तोंडावर एखाद्या पोराच्या नावापुढे 'मेडिकलची शंका' असं लागलं की चर्चा एकाच गोष्टीवर येते, दुखापत किती मोठी? संघाच्या डॉक्टरला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. हे बरं व्हायला तारीख आहे का? मोठ्या दुखापतीलाही तारीख असली तर तिची किंमत लावता येते. बारीकसं दुखणं, पण कधी उलटेल याचा भरवसा नाही, तिथे क्रमांक घसरतो.

फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला जो कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीचा चाचण्यांचा मेळावा भरतो, त्यात टीव्हीवर 40 यार्डांची धाव दिसते. पण 300 हून जास्त खेळाडू एका गावात गोळा करण्यामागचं मूळ कारण तपासणी हेच. आधी रुग्णालयात रक्त, ईसीजी, एक्स-रे, जुनं ऑपरेशन असेल तर एमआरआय. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, प्रत्येक खोलीत काही संघांचे डॉक्टर. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं बांधून ठेवणारा पट्टा, एक लिगामेंट. ते तपासायला खेळाडूला उताणं झोपवतात, गुडघा 20 ते 30 अंश वाकवतात, एका हातानं मांडी पक्की धरतात आणि दुसऱ्यानं नडगीचं हाड पुढे ओढतात. लिगामेंट धड असेल तर हाड जरासं सरकून खटकन अडतं. अडत नाही, नुसतं मऊमऊ पुढे येतं, तर काहीतरी सैल आहे. हे दोन्ही गुडघ्यांवर करावं लागतं, कारण काहींचे सांधे जन्मापासूनच ढिले असतात. आणि घाबरलेल्या पोरानं मांडीचे मागचे स्नायू आवळले, तर सैल गुडघाही घट्ट वाटतो.

यानंतर प्रत्येक संघ आपापला शेरा देतो. सगळ्यांचा मिळून एक निकाल नसतो. एकाच एमआरआयवर एक संघ नाव यादीतून काढतो आणि दुसरा 'दुसऱ्या फेरीत चालेल' म्हणतो.

नुसती एसीएल तुटली तर आता फारसं कोणी बिचकत नाही. साधारण 9 ते 12 महिने धरायचे, हिशोब संपला. जेमिसन विल्यम्सची एसीएल जानेवारी 2022 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात गेली. एप्रिलमध्ये डेट्रॉइट लायन्सनं त्याच्यासाठी पुढे सरकून 12 वा क्रमांक मिळवला. मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीचं मात्र नीट वाचावं लागतं. बातमीत 'गुडघ्याचं ऑपरेशन' एवढंच येतं, पण ती गादी शिवली की कापून काढली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवली तर परतायला जास्त महिने लागतात, पण गादी राहते. काढली तर खेळाडू लवकर मैदानात येतो आणि पुढे हाडावरची कूर्चा झिजत जाते. कूर्चेची हीच शंका माइल्स जॅकला नडली. सप्टेंबर 2015 मध्ये मेनिस्कस फाटलं, पहिल्या पाचात नाव घेतलं जात होतं, आणि ड्राफ्टच्या तोंडावर पुढेमागे मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया (झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडणं) लागू शकते असं तो स्वतःच बोलून गेला. निवड झाली 36 व्या क्रमांकावर, जॅक्सनव्हिलकडून. तिथे तो सहा हंगाम खेळला.

त्याच ड्राफ्टमधला जेलन स्मिथ मात्र सगळ्यात अवघड प्रकरण. 1 जानेवारी 2016, फिएस्टा बोल हा कॉलेजचा मोठा सामना. एसीएल आणि एलसीएल (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट) दोन्ही गेल्या, पण लिगामेंटचं दुखणं दुय्यमच होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगानं जाणारी पेरोनियल नस ताणली गेली होती. ही नस काम करेनाशी झाली की पाऊल वर उचलत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो. तुटलेलं लिगामेंट नवं बसवता येतं. नस आपल्या गतीनं वाढते, दिवसाला साधारण 1 मिलीमीटर. ड्राफ्टपर्यंतचे चार महिने म्हणजे जेमतेम 12 सेंटीमीटर, तेही नसेभोवतीची नळी शाबूत असेल तर. एप्रिलमध्ये कोणी कितीही तपासलं तरी उत्तर मिळणार नव्हतं. डॅलस काउबॉइजनं त्याला 34 व्या क्रमांकावर घेतलं, कारण त्याचं ऑपरेशन त्यांच्याच संघाच्या डॉक्टरनं, डॅन कूपरनं केलं होतं. बाकीच्यांनी गुडघा फिल्मवर पाहिला, त्यानं आतून. 2016 चा पूर्ण हंगाम स्मिथ बाहेर, 2017 ला पावलाला ब्रेस लावून 16 सामने, आणि 2019 ला प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत स्थान.

या घसरणीची किंमत डोळ्यांसमोर आहे. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. 2011 पासून क्रमांकानुसार करार जवळपास ठरलेलाच असतो. त्याच फिएस्टा बोलमध्ये समोरच्या संघातून खेळलेला एझिकिएल एलियट काउबॉइजनंच चौथ्या क्रमांकावर घेतला, चार वर्षांचे सुमारे 2.49 कोटी डॉलर. स्मिथला त्याच्या साधारण पाव. शिवाय करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा संघाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीच्या करारात असतो. स्मिथनं मूल्य घटण्याचा, म्हणजे ड्राफ्टमधला क्रमांक घसरला तर पैसे देणारा विमा काढला होता, त्याचे सुमारे 9 लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या आल्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी असा विमा काढणाऱ्यांनी अपंगत्वाचा विमा आणि हा विमा वेगळे आहेत हे पक्कं लक्षात ठेवावं. पहिला फक्त कारकीर्दच संपली तर पैसे देतो.

हृदयाचं वेगळंच. 2013 मध्ये स्टार लोटुलेलेईच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या कप्प्याचं पंपिंग 44 टक्के निघालं. 55 च्या पुढे असायला हवं. फेरतपासणीत ते ठीक आलं आणि कॅरोलायनानं त्याला 14 व्या क्रमांकावर घेतलं. 2018 मध्ये मॉरिस हर्स्टच्या हृदयाबद्दल कम्बाइनमध्ये शंका निघाली, आणि पुढे डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही असं सांगूनही तो पाचव्या फेरीत, 140 व्या क्रमांकावर गेला. हृदयाच्या भिंतीची जाडी 13 ते 15 मिलीमीटर निघाली की व्यायामानं वाढलेलं हृदय आणि आजारी हृदय यांतला फरक सांगणं कठीण होतं. तीन महिने सराव बंद ठेवून पुन्हा मोजणं हा एक उपाय, पण कम्बाइन ते ड्राफ्ट यांत दोनच महिने असतात.

म्हणून एप्रिलमधल्या रीचेकची, म्हणजे ड्राफ्टआधीच्या फेरतपासणीची बातमी आली की 'क्लिअर' हा शब्द कोणाचा आहे ते आधी पाहा. खेळाडूच्या एजंटचा, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा, की निवड करणाऱ्या संघाच्या डॉक्टरचा? क्रमांक ठरतो तो तिसऱ्याच्या शब्दावर.