तुम्ही विचारलंत म्हणून : इम्युनिटी कमी करायचं इंजेक्शन

"अगं, लोक इम्युनिटी वाढवतात आणि तू पैसे मोजून कमी करतेस?" आत्यापासून ऑफिसातल्या डबा-मंडळापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. गुळवेलीचा काढा तर तीन घरांतून आला. एकदाच सांगते.

माझी प्रतिकारशक्ती नको तिथे पेटलेली आहे. टीएनएफ नावाचं प्रथिन मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, सोडतात. शेजारच्या पेशीवरच्या रिसेप्टरला ते चिकटलं की आत अडकवून ठेवलेलं एनएफ-कप्पा-बी हे दुसरं प्रथिन सुटतं, केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. मग त्या पेशीही टीएनएफ सोडू लागतात. जंतू असेल तर ठीक. माझ्या कमरेत जंतूशिवायच ही हाकाटी चालते. पहाटे कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागायची. मोजे नवरा चढवून द्यायचा. माझं इंजेक्शन, अडालिमुमॅब, टीएनएफला वाटेतच धरतं. तिसऱ्या इंजेक्शननंतर मी वाकून स्वतः मोजे घातले. तेव्हा नाही कुणी काही विचारलंत.

आता न सांगितलेलं. पाचव्या महिन्यात संध्याकाळी अंग कसकसायला लागलं. मी पावसावर ढकललं. मग जिन्यात धाप. एक्स-रेत छातीची डावी बाजू खालून पांढरी : पाणी साचलेलं. टेबलावर हात टेकवून पुढे वाकून बसवलं आणि पाठीतून सुई घातली. समोरच्या स्टीलच्या कपाटात सगळं दिसत होतं : सिरिंजमध्ये चढणारं गवतासारखं पिवळं पाणी, आणि माझं तोंड. टीबी.

टीबीच्या झोपलेल्या जंतूंभोवती पेशींचं कडं असतं. ते राखणारंही टीएनएफच. सुरुवातीच्या तपासण्या माझ्या स्वच्छ होत्या. तशा त्या असूनही हे होऊ शकतं. इन्फ्लिक्सिमॅब या याच जातीच्या औषधानंतरचे टीबीचे ७० रुग्ण २००१ सालीच नोंदले गेले होते. मला दिलेल्या कागदावरही धोका छापलेला होता. मी न वाचता सही केली.

म्हणजे तुमचं बरोबर? काढ्याने माझी पाठ वाकली असती का? मोजे घातले त्या दिवशीची मी म्हणते, वाचून तरी काय, सही केलीच असतीस. बहुधा हो. पण वाचलं असतं तर तो ताप पावसावर नसता ढकलला.

टीबीच्या गोळ्यांनी सहा महिने नारिंगी लघवी करून झाली. डॉक्टर आता आयएल-१७ हे दाहाचं वेगळं प्रथिन अडवणारं इंजेक्शन सुचवतात, टीबीचा धोका त्यात कमी. खोका फ्रिजमध्ये आहे, दह्याच्या भांड्यामागे. मोजे सध्या नवराच चढवतोय.