जयपूर दर्शनच्या बसमध्ये बसण्याआधी

आज जयपूर दर्शनची बस केली. पोरंबाळं, आजी-आजोबा घेऊन येणाऱ्यांसाठी लगेच लिहितेय.

आमेरचा किल्ला जयपूर शहरापासून ११ किलोमीटरवर, चढाचा. तो सकाळीच उरका. जलमहाल फक्त रस्त्यावरून दिसतो. हवामहलचं प्रवेशद्वार मागच्या बाजूला आहे. समोर फोटो काढत बसलात तर आत जायला वेळच उरत नाही. आत वरच्या मजल्यांवर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, ज्येष्ठांना बरं पडतं.

जंतरमंतरला, म्हणजे जुन्या वेधशाळेत, मात्र घाई करू देऊ नका. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, २७ मीटर उंच. संगमरवरी पट्टीवर सावलीच्या कडेशी बोट टेकवा आणि मिनिटभर थांबा: सावली जवळजवळ चार बोटं सरकते! मुलांना हे दाखवाच. मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळत नाही म्हणून यंत्र चुकीचं ठरवू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला. तिथेच सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो, शिवाय ऋतूप्रमाणे थोडी मिनिटं कमी-जास्त.

ढग असतील तर काहीच दिसत नाही. ऊन असताना गाइडला हे ठिकाण आधी घ्यायला सांगा.