सात कॉम्प्युटर, दोन माऊस

बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करायला मला एक रविवार पुरतो, फार तर दोन. तोच कॉम्प्युटर एका पतसंस्थेच्या जिन्याखालच्या खोलीतून बाहेर काढायला पाच महिने लागले. डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी बेळगावात उद्यमबागला एका लहान कारखान्यात मेंटेनन्स बघतो. जुने डेस्कटॉप आणून उघडत बसायचं वेड दहा-बारा वर्षांचं. आई अजून दारातच विचारते, "ही डबडी घेऊन काय करालास रे?" ह्या खेपेला उत्तर तयार होतं. खानापूरकडच्या आमच्या गावात वाचनालय आहे, तिथं पोरांसाठी चार मशीन बसवायची होती. बजेट दहा हजार.

एरवी मी गुजरीत जातो. (कोल्हापूरचे पाहुणे हे ऐकून चमकतात. त्यांची गुजरी म्हणजे सोनारांची, आमची भंगाराची.) पण गुजरीत पोचलेल्या मशीनचे हाल झालेले असतात. तांब्यासाठी वायरी छाटलेल्या, ॲल्युमिनियमसाठी हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) उपटलेला आणि त्या ओढाताणीत प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना आडव्या. ७७५ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, आणि केसाएवढ्या बारीक. सुईने चार-पाच सरळ करता येतात, चाळीस नाही. म्हणून माल गुजरीत जायच्या आधीच गाठायचा, एवढं शहाणपण मला आलं होतं. त्या शहाणपणानेच घात केला.

संस्थेत सात संच पडून आहेत, हे तिथल्याच एकाने सांगितलं. खतावणीत किंमत प्रत्येकी १ रुपया. मी प्रत्येकी ३०० द्यायला तयार. मला वाटलं, आठवड्याचं काम.

जूनमध्ये मराठीत अर्ज दिला. क्लार्कमामा आमच्याच पैकी, घरी-दारी मराठी बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला, मान हलवली आणि परत दिला. "ऑडिटर कन्नडातला कागद मागतोय बघ. मी काय करू?" मला कन्नड बोलायला येतं, बाजारात भांडण्यापुरतं चांगलंच येतं, पण लिहायला बसलो की हात अडतो. भावाची मुलगी आठवीत आहे, तिने लिहून दिलं. 'निरुपयुक्त' हा शब्द दोन्हीकडे एकच असल्याचं तिनेच दाखवलं. मग चार दिवसांनी कळलं, अर्ज मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आहे. मग कळलं, नाही. पोच घेतली नव्हती. दुसरा अर्ज दिला.

मग कायदा निघाला. ई-वेस्ट असं कुणालाही देता येत नाही, नोंदणीकृत माणसालाच द्यावं लागतं, म्हणे. हे ऐकून मी आधी गप्पच बसलो, कारण म्हणणं अर्धं खरं होतं. घरी जाऊन २०२२ चे नियम वाचले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा रिसायकलर ह्यांनाच माल द्यायचं बंधन 'बल्क कन्झ्युमर'वर आहे, म्हणजे वर्षात कधीही १००० किंवा जास्त नग वापरात असलेल्यावर. ह्या संस्थेत पंखे आणि कॅल्क्युलेटर मोजले तरी शंभर भरले नसते. ते पान छापून नेलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण ठराव लागेल."

ठरावासाठी सभा लागते, सभेला कोरम लागतो. जुलैची सभा पावसात बुडाली. ऑगस्टला गणपती. सप्टेंबरला विषय पत्रिकेत नव्हता, "आयत्या वेळच्या विषयात घेऊ" म्हणाले आणि आयती वेळ आलीच नाही. मी आपला कारखान्यातून सुटलो की सायकल तिकडे वळवायची, शिपायाने हसून "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, म्हणायचं. बेळगावात हे दोन शब्द न कळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ऑक्टोबरमध्ये, दसरा झाल्यावर, ठराव एकदाचा झाला.

आणि मग माऊस.

डेड स्टॉक रजिस्टरात लिहिलं होतं: मॉनिटर ७, सीपीयू ७, कीबोर्ड ७, माऊस ७. मामांनी खोली उघडली, दिव्याखाली एकेक वस्तू मोजून टिकमार्क करत गेले. माऊस पाच. पुन्हा मोजले. पाच. गोळीवाले, पिवळे पडलेले, एकाची तर गोळीही गायब. मी म्हटलं, "मामा, माऊस मला नकोतच. पाच काय, शून्य असले तरी चालतंय." ते म्हणाले, "तुला चालतंय रे. मला नाही चालत. दोन माऊस कुठं गेले म्हणून सही माझी तपासतील." दोन आठवडे ते दोन माऊस शोधत होते. खरंच शोधत होते, कपाटामागे टॉर्च मारून. मला त्यांचा राग आला होता हे खरं, पण रिटायर व्हायला वर्ष राहिलेल्या माणसाला असली भीती असते, हेही मला दिसत होतं.

शेवटी मी ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून ६० रुपयांना एक असे दोन जुने माऊस विकत घेतले, संस्थेत नेऊन ठेवले, मामांनी सात टिकमार्क केले, आणि मग तेच माऊस मी त्या लॉटमध्ये परत विकत घेतले. माझ्याच वस्तूला दोनदा पैसे.

तरी हार्ड डिस्क राहिल्याच होत्या. खातेदारांची माहिती आहे, ती पुसल्याचा दाखला पाहिजे. दाखला कोण देणार? इथे मात्र मी वेळ घालवला नाही. "डिस्क तुम्हीच ठेवा," म्हटलं. ८० जीबीच्या त्या डिस्क मला नकोच होत्या. मामांच्या समोर प्रत्येकीचे चार स्क्रू काढले, सातही डिस्क पिशवीत घातल्या, त्यांनी लाखेचं सील मारलं. मग ती पिशवी कोणत्या रजिस्टरात चढवायची हा प्रश्न त्यांना पडला. तो मी त्यांच्यावरच सोडला. डिस्क सोडून माल मागायचं पहिल्याच अर्जात लिहिलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. तुम्ही लिहा.

१ नोव्हेंबरला टेम्पो ठरवून बसलो होतो. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, म्हणजे कुठल्याही बाजूने बघा, ऑफिस बंद. माझंच चुकलं. माल पुढच्या आठवड्यात घरी आला.

आता कामाचं. सातांत दोन पेंटियम ४, तीन जी३१ चिपसेटचे (मदरबोर्डाचा एक जुना प्रकार) बोर्ड, दोन जी४१ चे. सगळं आधी अंगणात नेऊन ब्लोअरने उडवलं. पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर हवेने पंखा गरगरतो आणि बेअरिंग जातं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. जिन्याखालच्या ओलीने काळ्या पडलेल्या होत्या, आणि 'डिस्प्ले येत नाही' म्हणून फेकलेली दोन मशीन एवढ्यानेच उठली. बॅटरी सगळ्यांच्या बदलल्या. सीआर२०३२ असते, तीन व्होल्टची.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बोर्डाला जोडायच्या आधी बाहेरच तपासा. मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर कुठल्याही काळीला तारेने जोडली की तो चालू होतो. पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट पाहिजेत. दोन एसएमपीएस ह्यातच गळाले. उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

एका जी३१ वर प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, एकाच्या टोपीतून तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट. मायक्रोफॅरड तेवढेच घ्यायचे, व्होल्ट जास्त चालतात. दुकानात ८५ डिग्रीचे साधे मिळत होते, ते घेतले नाहीत. इथे १०५ डिग्रीचे लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) लागतात, ते मागवले. माझी २५ वॅटची सोल्डर गन एका पायाला वितळवायची आणि दुसऱ्याला नाही, कारण तो पाय बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेला, सगळी उष्णता तिकडे पळते. कारखान्यातली ६० वॅटची आणली, आधी थोडं नवं शिसं लावलं, मग सुटला. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. उलटा लावला तर फटाका.

प्रोसेसर बदलताना मात्र मी घोळ घातला. जुना पेंटियम ड्युअल कोअर काढून ३०० रुपयांचा सेकंडहँड कोअर टू ड्युओ ई८४०० बसवला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. तासभर रॅमला शिव्या घातल्या. बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन उठवणारा बोर्डावरचाच प्रोग्रॅम, त्या प्रोसेसरच्या आधीचा होता. जुना परत बसवून पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केला, मग नवा बसवला, लगेच उठला. आधी बायोस, मग प्रोसेसर. आणि अपडेट चालू असताना यूपीएसवर ठेवा, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही.

रॅम जी३१ ला चार जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे जास्त घेऊन पैसे घालवू नका. जी४१ घेताना स्लॉट बघा, काहींना डीडीआर२ रॅम लागतो, काहींना डीडीआर३. खरा फरक पडला तो हार्ड डिस्कच्या जागी लावलेल्या १२० जीबीच्या एसएसडीने, म्हणजे चिपवाल्या वेगवान डिस्कने. डिस्क जोडायच्या जुन्या सॅटा पोर्टवर ती पूर्ण वेगाने धावत नाही, तरी चालू होऊन डेस्कटॉप यायला अर्ध्या मिनिटाच्या आत.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासूनच्या आवृत्त्या ह्या पिढीच्या प्रोसेसरवर उठतच नाहीत. म्हणून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली, एक्सएफसीई वाली, म्हणजे हलकी. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, सोबत कन्नडही. दोन्हींत अक्षरांची जागा एकच, 'क'ची की तीच राहते. भाचीला हे दाखवलं तर म्हणाली, "मग अर्ज तिच्याकडून कशाला लिहून घेतला मामा?"

भाची म्हणजे बहिणीची. अर्ज लिहिला भावाच्या मुलीने. दोघी एकमेकींना सगळं सांगतात.

चार मशीन वाचनालयात गेली. पाचवं, एक पेंटियम ४, विंडोज एक्सपी टाकून इंटरनेटशिवाय एका प्रेसवाल्या मित्राला दिलं, त्याच्या लग्नपत्रिकांच्या जुन्या पेजमेकर फायली तेवढ्यावरच उघडतात. उरलेल्या दोनांचे सुटे भाग माळ्यावर. एकूण खर्च ९,४७० रुपये: माल २,१००, चार एसएसडी ४,६००, रॅम १,२००, दोन प्रोसेसर ६००, टेम्पो ४००, कपॅसिटर-पेस्ट-बॅटरी मिळून ४५०, आणि दोन माऊस १२०.

२,१०० ची पावती अजून हातात पडलेली नाही. पावतीपुस्तक संपलंय म्हणे.