चार ओळींची देवी

ब्रिजिड नावाच्या आयरिश देवीवर मी सध्या एक ऑनलाइन कोर्स करतेय. सेल्फ-पेस्ड आहे, म्हणजे हजेरी नाही, डेडलाइन नाही, व्हिडिओ आपल्या सोयीने बघायचे, आणि अर्थात म्हणूनच तो संपता संपत नाही. रात्री ओटा आवरून झाला की लॅपटॉप उघडते. आईने एकदा मागून डोकावून विचारलं, "अगं ही कुठली देवी? वार कुठला हिचा?" म्हटलं वार नाहीये, तारीख आहे, 1 फेब्रुवारी. "बरं, आणि नैवेद्याला?" तर लोणी, कारण तो दिवस आयर्लंडमध्ये मेंढ्यांना दूध उतरण्याच्या दिवसांत येतो आणि आदल्या रात्रीच्या जेवणात ताजं लोणी लागायचंच. आईला हे एकदम पटलं. पुढचं पटवणं तिला काय, मलाच जड गेलं.

कारण असं की इंटरनेटवर ब्रिजिड शोधलीत तर माहितीचा नुसता पूर येतो. अग्नीची देवी, विहिरींची देवी, वसंताची, बाळंतिणींची, हिरव्या मेणबत्त्या लावा, पांढऱ्या लावा, कुमारिका-माता-वृद्धा अशी तिची तीन रूपं वगैरे. कोर्सचे पहिले मोड्यूल्सही साधारण असेच होते, मागे बासरी आणि बाई अगदी हळू आवाजात बोलतायत (मी दीडपट स्पीडवर बघितलं, मग बाई नॉर्मल वाटतात). मला वाटलं एवढं सगळं आहे म्हणजे जुन्या पोथ्यांत हिच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतील. आपल्याला सवय तशीच ना, देवी म्हटली की माहात्म्य, आरत्या, स्तोत्रं, कुठल्या डोंगरावर कशी प्रकटली ते सगळं.

मग मूळ मजकुराचा धडा आला. तर ब्रिजिड देवी आहे असं स्पष्ट सांगणारा जो मुख्य जुना मजकूर आहे तो म्हणजे एका शब्दकोशातली एक नोंद! चारेक ओळी. कॉर्मक नावाचा एक माणूस होता, बिशपही आणि दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजाही, 908 मध्ये लढाईत मारला गेला, त्याच्या नावावर हा जुन्या आयरिश शब्दांचा कोश आहे. त्यात थोडक्यात असं की ब्रिजिड ही दाग्दाची, म्हणजे आयरिश देवांतल्या एका बड्या देवाची मुलगी, कवी तिची पूजा करत, तिच्या दोन बहिणी होत्या आणि त्यांचीही नावं ब्रिजिडच, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. झालं. पुढचा शब्द सुरू.

म्हणजे तीन आहेत हे खरं, पण त्या कुमारिका-माता-वृद्धा नाहीत हो, त्या बहिणी आहेत आणि प्रत्येकीचा धंदा वेगळा आहे: कविता, औषध, लोखंड. वयानुसार तीन रूपं हा प्रकार लोकप्रिय केला तो विसाव्या शतकात रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने, 1948 च्या पुस्तकात. मला तरी लोहार बहीण जास्त आवडते. ऐरणीपाशी उभी असलेली देवी डोळ्यासमोर आणून बघा, त्या पेस्टल रंगातल्या पोस्टर्सपेक्षा किती दणकट आहे.

आता खरी गंमत. या कोशाचं इंग्रजी भाषांतर कुठे छापलं गेलं असेल? डब्लिन? लंडन? नाही, कलकत्त्यात, 1868 साली. जॉन ओ'डोनव्हन या आयरिश विद्वानाचं भाषांतर तयार होतं, पण तो 1861 मध्येच वारला, मग व्हिटली स्टोक्स नावाच्या माणसाने ते संपादित केलं, टिपा जोडल्या आणि छापून घेतलं. हा स्टोक्स डब्लिनचा, शिक्षणाने वकील, 1862 मध्ये मद्रासला आला, मग कलकत्त्याला सरकारच्या कायदे खात्यात गेला आणि 1877 ते 1882 व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये लॉ मेंबर होता. दिवसा कायद्याचे मसुदे आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश. त्याच्याच काळात 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट पास झाला, म्हणजे चेक बाउन्स झाला की आपण ज्या कायद्याचं नाव घेतो तो (138 कलम मात्र खूप नंतरचं, 1988 चं). मी आयुष्याची बरीच वर्षं अकाउंट्समध्ये काढली, हा कायदा शंभर वेळा उघडला असेल, आणि त्याच्या मागच्या टेबलावर ब्रिजिड बसलीये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाय द वे स्टोक्सचे वडील म्हणजे ते प्रसिद्ध डॉक्टर विल्यम स्टोक्स, चेन-स्टोक्स ब्रीदिंगमधले. घरात डॉक्टर असेल त्यांना विचारा.

कोर्समध्ये यावर अर्धं वाक्य होतं. अर्धं! मी दोन रात्री नुसती स्टोक्सच्या मागे लागले होते, सेल्फ-पेस्डचा एवढा एक फायदा.

दुसरा मजकूर आयरिश पुराणकथांतल्या मॉयतुराच्या लढाईचा, हाही स्टोक्सनेच 1891 मध्ये इंग्रजीत आणला. ही कथा पूर्ण स्वरूपात सोळाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात आहे. यात तिचं नाव ब्रीग असं येतं आणि ती जेमतेम एका प्रसंगापुरती आहे, पण तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. देवगण आणि त्यांचे शत्रू फोमोरियन यांचं युद्ध चाललंय. ब्रीग देवांकडची, दाग्दाची लेक. नवरा ब्रेस हा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा, राजा होता पण इतका चिकट की लोकांनी हाकलला, तर तो वडिलांकडे फोमोरियन लोकांत गेला. त्यांचा मुलगा रुआदान. देवांच्या लोहाराकडे, गोइब्न्यूकडे, मोडलेली शस्त्रं रातोरात नवी कशी होतात हे बघायला त्याला हेर म्हणून पाठवतात. तो तिथे जाऊन भाला मागून घेतो आणि त्याच भाल्याने लोहारावर वार करतो. गोइब्न्यू तो भाला उपसून परत फेकतो, तो पोराच्या आरपार. लोहार औषधी विहिरीत उतरून बरा होतो. पोरगा बापासमोर मरतो.

मग ब्रीग येते आणि मुलासाठी आक्रोश करते, आणि कथा सांगते की आयर्लंडमध्ये रडणं आणि हंबरडा पहिल्यांदा ऐकू आला तो हा. लगेच पुढे, रात्री एकमेकांना खुणा करायला शिट्टी शोधून काढली तीही हिनेच, असं एक वाक्य. ते तिथे का आलं मला आजही समजत नाही पण ते काढून टाकावंसंही वाटत नाही. माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या, आणि मुलगा माहेरच्या लोहाराच्या हातून गेलेला, त्यात चूकही मुलाचीच. कुणाला शिव्या द्यायच्या तिने? कोर्समधल्या बाईंनी इथे "दुःखातून रूपांतर" असं काहीतरी मेडिटेशन ठेवलंय. मी ते स्किप केलं. तिला रडू दे की.

आणि मग संत ब्रिजिड. हा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा. किल्डेअरच्या मठाची संस्थापक, परंपरेप्रमाणे 525 च्या आसपास गेली. प्रचलित गोष्ट अशी की आधी देवी होती, चर्चने तिला संत करून टाकलं. ऐकायला फक्कड. पण तारखा लावून बघा: संत ब्रिजिडचं लॅटिन चरित्र कोगितोसस नावाच्या साधूने सातव्या शतकात लिहिलं आणि देवीबद्दलची ती नोंद साधारण 900 च्या सुमाराची, तीही एका बिशपच्या नावावरची. म्हणजे कागदावर संत आधी आणि देवी नंतर! म्हणून देवी नव्हतीच असं होत नाही, कागदावर नसलेलं बरंच काही लोकांत असतं हे आपल्याला सांगायला नको. अभ्यासकांत यावर सरळ दोन तट आहेत. मला कोगितोससची संत भारी वाटते, ओला झगा उन्हाच्या किरणावर वाळत घालते, पाण्याची बिअर करते, भुकेल्या कुत्र्याला पाहुण्यांसाठीचं मटण का डुकराचं मांस देऊन टाकते (डुकराचंच, आत्ता बघितलं).

किल्डेअरच्या मठात संत ब्रिजिडच्या नावाने एक आग अखंड तेवत ठेवायचे, तिचं वर्णन बाराव्या शतकातल्या वेल्सच्या जेराल्डने केलंय, तो 1185 मध्ये राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडला आला होता. एकोणीस साध्वी, प्रत्येकीची एक रात्र, विसाव्या रात्री शेवटची लाकडं रचून म्हणते, ब्रिजिड, आज तुझी पाळी, तुझी आग तू सांभाळ. सकाळी आग चालूच. भोवती कुंपण, आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, आणि आगीला तोंडाने फुंकर मारायची नाही, भाता किंवा सूप वापरायचं. एका तिरंदाजाने कुंपण ओलांडून फुंकर मारलीच, तर तो वेडा झाला, भेटेल त्याच्या तोंडावर फुंकर मारत म्हणायचा बघा मी अशी फुंकली ब्रिजिडची आग, शेवटी तहानेने इतकं पाणी प्यायला की पोट फुटून मेला. आजी आम्हाला दिवा फुंकून विझवू द्यायची नाही ते आठवलं. पण कृपा करून यावरून "आयरिश लोक मूळचे आपलेच" असे फॉरवर्ड पाठवू नका, आगीला उष्टा श्वास लागू नये असं पारशांनाही वाटतं, त्यांचे धर्मगुरू तोंडाला पट्टी बांधतात.

ती आग मधे कधीतरी विझली आणि 1993 मध्ये किल्डेअरच्या चौकात तिथल्या सिस्टर्सनी पुन्हा पेटवली. 2023 पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावाने सरकारी सुट्टी आहे, बहुतेक वर्षी फेब्रुवारीचा पहिला सोमवार. संत म्हणून का देवी म्हणून, ते ज्याचं त्याने ठरवावं, सुट्टी दोघांनाही मिळते.

कोणाला वाचायचं असेल तर कॉर्क विद्यापीठाच्या साइटवर जुने आयरिश मजकूर फुकट आहेत, मॉयतुराची लढाईही आहे, कोर्सला पैसे घालायच्या आधी तिथे एक चक्कर मारा. कोर्स वाईट नाहीये, लव्हाळ्याचा चार हातांचा क्रॉस विणायचा धडा तर फारच छान होता, लव्हाळी मिळाली नाहीत म्हणून मी कागदी स्ट्रॉचा केला. फक्त तिसऱ्या क्विझमध्ये प्रश्न होता, कॉर्मकच्या कोशानुसार ब्रिजिड कशाची देवी? मी "काव्य" टिक केलं. उत्तर चूक, बरोबर उत्तर "अग्नी". कोशातल्या त्या चार ओळी कॉपी करून मेल टाकलाय, बघू मार्क वाढवतात का.