गोव्याच्या हाफसाठी चौघांचा सराव

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा सराव मित्रमंडळींबरोबर करावा की एकट्याने, यावर आमच्या चौघांच्या गटात मे महिन्यापासून वाद चालू आहे. तो लवकर मिटेल असे दिसत नाही, म्हणून माझी बाजू एकदा सविस्तर लिहून काढते. आम्ही चौघेही पुण्याचे. एक मित्र बँकेत आहे, मैत्रीण डोळ्यांची डॉक्टर आहे, वयाने सर्वांत मोठे असलेले सर शाळेत गणित शिकवतात आणि मी घरी बसून लोकांचे हिशेब तपासते. 9 नोव्हेंबर 2025 रोजी पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या आयर्नमॅन 70.3 स्पर्धेसाठी आम्ही नावे नोंदवली आहेत. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, त्यानंतर 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावणे असे मिळून 113 किलोमीटर होतात. मैलांत ते 70.3 भरतात, म्हणून नावात तो आकडा. हे सगळे साडेआठ तासांच्या आत उरकावे लागते. पूर्ण आयर्नमॅनच्या हे बरोबर निम्मे असल्यामुळे बोलताना सगळे त्याला नुसते ‘हाफ’ म्हणतात.

माझे म्हणणे असे आहे की पोहण्याचा सराव सगळ्यांनी मिळून करावा, सायकल एकत्र पण अंतर राखून चालवावी आणि धावायला मात्र ज्याने त्याने एकट्याने जावे. बँकवाल्या मित्राला यातले शेवटचे कलम अजिबात मान्य नाही.

मुळात हा खेळ जन्मला तोच मित्रमंडळींच्या वादातून. हवाई बेटांवर अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या परिचयातले खेळाडू यांच्यात धावणारा अधिक तंदुरुस्त, पोहणारा की सायकल चालवणारा, यावर खल झाला आणि तिथे आधीपासून होत असलेल्या तीन स्वतंत्र स्पर्धांची अंतरे एकापुढे एक जोडून हा वाद मिटवायचे ठरले. 18 फेब्रुवारी 1978 रोजी ओआहू बेटावर 15 जण उतरले आणि त्यांतल्या 12 जणांनी शर्यत पूर्ण केली. खाणे-पिणे पुरवण्यासाठी प्रत्येकाने आपापली माणसे सोबत आणायची, अशी तेव्हाची रीत होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली, हा किस्सा या वर्तुळात आजही आवडीने सांगितला जातो. आता तसे काही चालत नाही. वाटेत पाणी-केळी आयोजकांच्या टेबलांवर मिळतात आणि घरच्या माणसांनी आपल्याबरोबर चार पावले जरी धावून दाखवली तरी ती बाहेरची मदत धरली जाते. ज्या खेळाची सुरुवात मित्रांच्या भरवशावर झाली, त्यातून मित्र नियमाने बाहेर गेले आणि उरले ते फक्त सरावात. म्हणूनच सरावात त्यांचा उपयोग कसा करून घ्यायचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

पोहण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे सोबतीला पर्याय नाही. 25 मीटरच्या तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 फेऱ्या होतात, आणि त्या एकट्याने मोजता मोजता डोके बधिर होते हे खरे असले तरी सोबत हवी असण्याचे कारण ते नव्हे. तलावात तळाशी काळी रेघ असते, दर 25 मीटरना भिंत असते, पाणी स्थिर असते आणि आपल्या रांगेत दुसरे कोणी नसते. समुद्रात यातले काहीही नसते. समोरचा रंगीत फुगा कुठे आहे हे पाहण्यासाठी दर सहा-आठ हातांनंतर डोळे जेमतेम पाण्यावर आणावे लागतात. मान जास्त उचलली की कंबर खाली जाते आणि वेग मारला जातो. शिवाय आजूबाजूला माणसे असतात, कोणाचा पाय चष्म्यावर बसतो, कोणी घोट्याला हात लावत राहते. याची सवय करण्यासाठी आम्ही तलावाच्या एकाच रांगेत चौघे शेजारी-शेजारी पोहतो. सरांचा हात मोठा आहे आणि तो दर फेरीला माझ्या खांद्यावर आदळतो. सुरुवातीला दचकून माझा श्वास तुटत असे, आता आदळला तरी लय मोडत नाही. हा सराव एकट्याने करताच येत नाही.

खुल्या पाण्याचा प्रश्न पुणेकरांना नेहमीच छळतो. धरणे हाकेच्या अंतरावर असली तरी खडकवासल्यासारख्या ठिकाणी उतरणे धोक्याचे आहे आणि तिथल्या बुडण्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. यंदा पाऊस मे महिन्यातच दाखल झाला, त्यामुळे समुद्रही लवकर बंद झाला. दसऱ्यानंतर लगेच मालवणला जायचे ठरवले होते, तर अरबी समुद्रात वादळ उठले आणि किनाऱ्यावर इशारे लागले. अखेर त्यापुढच्या शनिवारी आम्ही चिवला बीचवर पोहोचलो. दर डिसेंबरात राज्यभरातले जलतरणपटू जिथे सागरी स्पर्धेसाठी जमतात तोच हा किनारा, त्यामुळे पोहणाऱ्यांचे तिथे कोणाला नवल वाटत नाही. होडी घेऊन सोबत आलेल्या दादांनी मात्र उतरण्याआधीच सांगून टाकले, “ताई, पाणी कोणीकडे खेचतंय ते आधी बघा, मग हात मारा.” ते अगदी खरे होते. खाऱ्या पाण्यात अंग तरंगते, त्यामुळे पोहणे तलावापेक्षा हलके वाटते, पण आपण सरळ चाललो आहोत असे मनाशी धरून दहा मिनिटे पोहावे आणि डोके वर काढावे तर किनाऱ्यावरचे माड भलत्याच बाजूला दिसतात. कमरेला बांधलेला केशरी फुगा, होडी आणि एकमेकांवर नजर ठेवणारी जोडी, एवढे असल्याशिवाय कोणीही समुद्रात उतरू नये या मताची मी आहे. डॉक्टर मैत्रिणीला समुद्राची धास्ती होती. पहिल्या लाटेनंतर ती वळून पाठीवर तरंगत राहिली, श्वास ताब्यात आला तशी पुन्हा पालथी झाली. तेवढा वेळ बँकवाला तिच्या शेजारी काही न बोलता नुसता पाय मारत थांबला होता.

गोव्यात वेटसूटची, म्हणजे पोहताना घालायच्या घट्ट रबरी पोशाखाची, सोय नाही हेही लक्षात ठेवायला हवे. आमच्यासारख्या हौशी स्पर्धकांना तो 24.5 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यातच वापरता येतो आणि आपला समुद्र नोव्हेंबरातही त्याहून उबदार असतो. वेटसूटमुळे मिळणारे तरंगणे ज्यांना हिशेबात धरायचे असेल, त्यांनी परदेशातल्या थंड पाण्याच्या स्पर्धा पाहाव्यात.

सायकलीच्या बाबतीत गटाचा फायदाही मोठा आणि फसवणूकही मोठी. पुण्यातून आमचा ठरलेला रस्ता म्हणजे कात्रजचा जुना घाट चढून खेड-शिवापूर, कापूरहोळ करत नीरेच्या पुलावरून शिरवळ आणि तसेच परत. घर ते घर शंभरेक किलोमीटर भरतात. पहाटेच्या अंधारात ट्रकांच्या शेजारून एकट्याने जाण्यापेक्षा लाल दिवे लावलेल्या चार सायकली केव्हाही बऱ्या. पण चार सायकली एकत्र आल्या की त्या आपोआप एकामागे एक चिकटतात, आणि पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नसल्यामुळे मागच्याचे कष्ट बरेच कमी होतात. शिरवळपर्यंत सरांच्या मागे लपून गेलेल्या माणसाला वाटते की आपली तयारी झाली. स्पर्धेत मात्र पुढच्या सायकलीपासून 12 मीटरचे अंतर ठेवणे बंधनकारक असते, पुढे जायचे असेल तर 25 सेकंदांत ओलांडावे लागते, आणि नियम मोडताना पंचांनी पाहिले तर पाच मिनिटे शिक्षेच्या तंबूत उभे राहून काढावी लागतात. तेव्हा आडोशाने मिळवलेला वेग हा उसना असतो. आम्ही यावर उपाय म्हणून सरावातही 12 मीटर राखायचे ठरवले. ते नजरेने ओळखता यावे म्हणून सरांनी एका रविवारी सोसायटीच्या आवारात टेप धरून खडूने रेघा मारल्या आणि आम्हाला त्यावर सायकली उभ्या करायला लावल्या. 12 मीटर म्हणजे साधारण सहा सायकलींची लांबी. ते दिसायला किती जास्त असते हे रेघ पाहिल्यावरच कळते. आम्ही ज्याला अंतर म्हणत होतो ते त्याच्या निम्मेही नव्हते.

पंक्चर काढणे प्रत्येकाला स्वतःला आलेच पाहिजे, यावर आमच्यात दुमत नाही. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात आणि त्या सायकलीच्या टायरात अशा शिरतात की बाहेरून दिसत नाहीत. ट्यूब बदलली, हवा भरली आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसली, असे झाले की समजावे, तार आतच आहे. टायर उलटा करून आतल्या बाजूने अंगठा हळूहळू फिरवायचा, टोचले की थांबायचे आणि नखांनी किंवा चिमट्याने ती उपटून काढायची. कापूरहोळजवळ बँकवाल्याची सायकल बसली तेव्हा आम्ही तिघे मुद्दाम हात बांधून उभे राहिलो. त्याने आम्हाला भरपूर नावे ठेवली, पण तार त्यानेच शोधली.

आता धावण्याचा मुद्दा. लांब पल्ल्याच्या तयारीत बहुतेक धावणे सावकाश व्हायला हवे, इतके सावकाश की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता यावे. सरांची यासाठी स्वतःची कसोटी आहे. ते तळजाईच्या टेकडीवर रामरक्षा म्हणत धावतात. श्लोकाच्या मध्ये श्वास घ्यावा लागला की वेग कमी करतात. मला घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची वाटते. गटात धावताना नेमके हेच होत नाही. कोणीतरी अर्धे पाऊल पुढे राहते, दुसरा ते भरून काढतो, आणि सावकाश म्हणून सुरू झालेले धावणे तिसऱ्या किलोमीटरला न बोलता शर्यत होऊन बसते. सायकलीवर 12 मीटर राखता येतात, धावताना दोन मित्रांमध्ये अंतर ठेवण्याची काही सोयच नाही. बँकवाल्याचे म्हणणे असे की बरोबर कोणी नसेल तर पहाटे अंथरूण सुटत नाही. ते मी समजू शकते, पण त्यासाठी टेकडीच्या पायथ्याशी एकत्र भेटावे आणि तिथून वेगवेगळ्या वाटांनी जावे, एवढे पुरेसे आहे असे माझे मत.

याला अपवाद एकच, ब्रिकचा. लांब सायकल झाली की बूट बदलून लगेच अर्धा-पाऊण तास धावायचे, याला ब्रिक म्हणतात. सायकलीवरून उतरल्यावर पाय चरकातून काढलेल्या उसासारखे झालेले असतात आणि सायकलीवरच्या वेगाची सवय लागलेली असल्याने आपण किती जोरात निघालो हे समजत नाही. अशा वेळी शेजारी कोणी असले तर आवर घालता येतो. शिवाय सायकल लावल्यावर घरी जाऊन अंघोळ करण्याचा मोह चौघांत मिळून आवरणे सोपे जाते.

उन्हाचे गणित वेगळेच आहे. पुण्याचा ऑक्टोबर तापतो, पण कोरडा. पणजीत हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. उष्णतेला शरीर सरावायला दहा-बारा दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून सध्या आम्ही आठवड्यातले काही धावणे पहाटेऐवजी अकरा वाजता करतो, याबद्दल घरच्यांचे काय मत आहे ते इथे लिहीत नाही. सायकलीला जाण्याआधी आणि आल्यावर वजन करण्याची सवय डॉक्टर मैत्रिणीने लावली. मध्ये जेवढे प्यालो ते धरून जितके किलो कमी झाले, जवळपास तितके लीटर घाम गेला असा सरळ हिशेब. माझ्या काळ्या जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, बँकवाल्याच्या जर्सीवर काही उमटत नाही; त्यामुळे दोघांनी एकच प्रमाण वापरणे चुकीचे ठरेल. नुसते साधे पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले मीठ पातळ होऊन प्रकृती बिघडू शकते, हे ती पुन्हा पुन्हा बजावते.

खाण्याच्या बाबतीत तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत आणि पळत असताना ती पचवण्याचाही सराव लागतो. जेलची पाकिटे चौघांच्याही खिशात असतात, पण सायकलीवर मला मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे आणि राजगिऱ्याची चिक्की अधिक मानवते. चिक्की उन्हात चिकटते आणि बटाटा खिशात चेंगरतो, एवढे सोडले तर दोन्हींत दोष नाही.

येत्या आठवड्यात वसुबारस आहे आणि दिवाळीनंतर लगेच टेपर, म्हणजे सराव हळूहळू उतरवत नेण्याचा काळ. अंतरे कमी होतात, भूक मात्र पूर्वीसारखीच राहते आणि समोर फराळाचे डबे असतात. यावर डॉक्टर मैत्रिणीने चकली आणि करंजीची रोजची मर्यादा घालून दिली, सरांनी ती मान्य केली आणि बँकवाल्याने लाडवांचा उल्लेख त्यात नसल्याचे लगेच दाखवून दिले. मिरामारला आम्ही आपापल्या अपेक्षित वेळेप्रमाणे वेगवेगळ्या रांगांतून पाण्यात उतरणार आहोत. वाटेत कोणी कोणासाठी थांबायचे नाही, हे ठरले आहे. परतीच्या प्रवासात चौघांपैकी कोणाचाही पाय क्लचवर पडेल अशी खात्री नसल्यामुळे गाडी चालवायला सरांच्या मुलाला सांगून ठेवले आहे, आणि त्याने पेट्रोलखेरीज दोन वेळच्या फिश थाळीची अट घातली आहे.