पेटी बदलली, पत्ता तोच

सोमवारी सकाळी सव्वानऊला मेल आली तेव्हा मी पुण्यातल्या ऑफिसचं शटर नुकतंच वर केलं होतं. ही मेल रोज येते. कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लजच्या पुढे, एका पतसंस्थेचा सर्व्हर आपल्या डिस्कवर किती जागा उरली आहे ते रोज सकाळी कळवतो. एरवी आकडा दोनशेच्या पुढे असतो. त्या दिवशी १४ जीबी होता.

तिथे कपाटात एकच मशिन आहे. त्यावर हायपर-व्ही सर्व्हर २०१९, म्हणजे एका मशिनमध्ये अनेक कॉम्प्युटर चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली, आणि त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशिन्स: एकीत खातेदारांचा डेटाबेस, दुसरीवर काउंटरची माणसं काम करतात, तिसरीत जुनी दफ्तरं. हायपर-व्हीची ही फुकट मिळणारी स्वतंत्र आवृत्ती २०१९ नंतर मायक्रोसॉफ्टने काढलीच नाही. लहान संस्थांना तिचा फार आधार होता. तिला डेस्कटॉप नाही, माउस फिरवायला काही नाही. लॉगिन केलं की काळी खिडकी आणि मोजके आकड्यांचे पर्याय. सगळा कारभार दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, हायपर-व्ही मॅनेजरमधून चालवायचा. माझ्याकडे तो माझ्या टेबलावरच्या डेस्कटॉपवरून चालतो.

जागा कुठे गेली असेल याचा अंदाज लगेच आला. रात्रीचा बॅकअप सुरू होताना चेकपॉइंट घेतला जातो, म्हणजे मूळ डिस्कची फाइल जिथल्या तिथे थांबते आणि पुढचं सगळं लिखाण शेजारच्या नव्या फाइलमध्ये जातं. बॅकअप संपला की ती फाइल मुळात मिसळून नाहीशी होते. बॅकअप मध्येच तुटला तर ती तशीच राहते आणि फुगत जाते. रविवारी रात्री डेटाबेसचे सगळे इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायच्या याद्या, नव्याने बांधले जातात. ते दीड-पावणेदोनशे जीबीचं लिखाण त्या फाइलमध्ये जाऊन बसलं होतं. आता दिवसभराचं काम १४ जीबीत मावायचं होतं. जागा संपली की हायपर-व्ही त्या व्हर्च्युअल मशिनला जागच्या जागी गोठवतं. सोमवारी काउंटरवर पेन्शनवाले आणि दूधवाले रांगेत असतात, आणि समोरचा स्क्रीन गोठलेला.

काम तसं पाच मिनिटांचं होतं. फक्त मला त्या मशिनशी बोलता यायला हवं होतं, आणि हायपर-व्ही मॅनेजर सर्व्हरशी जोडणी होत नाही म्हणून सांगत होता.

त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. शनिवारी दुपारी तिकडे विजेने फायरवॉलची पेटी जळाली. कोल्हापूरहून आमच्याकडे काम करणारा मुलगा राखीव पेटी घेऊन गेला. जुन्या पेटीचं कॉन्फिगरेशन मी स्वतः तिच्यात आधीच भरून ठेवलं होतं: तेच आयपी पत्ते, तोच व्हीपीएन (पुण्याहून तिथल्या नेटवर्कात जायची खासगी वाट), तेच नियम. पेटी बसवताना त्याने सगळं कपाट बंद करून पुन्हा चालू केलं, आणि व्हीपीएन पहिल्या फटक्यात जोडला गेला. दुसरा बदल माझ्याकडचा. जुना डेस्कटॉप थकला होता, शुक्रवारी नवा आणला होता आणि त्यावरून या सर्व्हरला अजून एकदाही जोडलं नव्हतं.

साहजिकच मी नव्या डेस्कटॉपच्या मागे लागलो. तिथे चुका होत्याच. पतसंस्थेत डोमेन, म्हणजे सगळ्या मशिन्सची ओळख एका जागी ठेवणारी व्यवस्था, नाही; सगळं वर्कग्रुपवर, प्रत्येक मशिन स्वतंत्र. अशा वेळी डेस्कटॉप समोरच्या मशिनवर आपोआप विश्वास ठेवत नाही. त्याचं नाव 'ट्रस्टेड होस्ट्स'च्या यादीत हाताने घालावं लागतं, आणि जोडताना जे नाव वापरणार तेच घालावं लागतं. यादीत आयपी आणि जोडताना नाव, असं केलं तर चालत नाही. यादीत भर घालायला विनआरएम ही विंडोजची दुरून कारभार चालवायची सेवा चालू हवी. ती नेहमीच्या आज्ञेने सेट करायला गेलो तर डेस्कटॉप म्हणाला, तुमचं एक नेटवर्क 'पब्लिक', म्हणजे परकं, आहे. ते व्हीपीएनचं अ‍ॅडॉप्टर होतं. मी फक्त सेवा सुरू केली, यादी भरली. मग क्रेडएसएसपीचा, म्हणजे पासवर्ड समोरच्या मशिनकडे सोपवायच्या व्यवस्थेचा, अडसर आला. ग्रुप पॉलिसीत जाऊन एनटीएलएम या जुन्या ओळख-पद्धतीपुरती पासवर्ड पुढे सोपवायची मुभा दिली, सर्व्हरचं नाव लिहिलं. कुठलं नाव कुठल्या आयपीचं ते सांगणारी होस्ट्स फाइल तपासली. साडेअकरा वाजले. जोडणी नाही.

पतसंस्थेच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. "सर, काउंटर चालू हाय, पण जरा जड चाललंय बघा. काय करायला पायजे का?" मी म्हटलं, मोठे रिपोर्ट तेवढे आज काढू नका. ते म्हणाले, "तुम्ही सांगा, आम्ही इथनं कपाट उघडून टाइप करतो." तो मोह मला झाला, हे मान्य करतो. पण त्यासाठी मूळ मशिनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड फोनवर सांगावा लागला असता, तोही भरल्या काउंटरमागे कुणीतरी मोठ्याने म्हणत टाइप करताना. तीन गावांतल्या माणसांची बचत त्या मशिनमध्ये आहे. नाही म्हटलं. गाडी काढली असती तर पावसात तीनशे किलोमीटर, पोचेपर्यंत संध्याकाळ.

मग डेस्कटॉप सोडून वाट तपासली. व्हीपीएनमधून काउंटरच्या व्हर्च्युअल मशिनवर रिमोट डेस्कटॉपने सहज जाता येत होतं. म्हणजे रस्ता होता. मूळ मशिनचं ५९८५ पोर्ट, म्हणजे विनआरएमचं दार, तपासलं: फेल. फायरवॉलच्या पेटीत पॅकेट पकडून बघितलं. माझं पॅकेट पेटीतून पलीकडच्या नेटवर्कमध्ये नीट जात होतं, पण उत्तर येत नव्हतं. इथे एक बारीक गोष्ट असते. ऐकणारी सेवाच नसेल पण फायरवॉल मोकळी असेल, तर मशिन ताबडतोब 'नाही' म्हणतं. हे 'नाही'सुद्धा म्हणत नव्हतं. दारावर थाप पडते आहे आणि आतून मुद्दाम कुणी हूं की चूं करत नाही, तसं. म्हणजे विंडोजची फायरवॉल पॅकेट गिळत होती. पण त्या फायरवॉलला गेल्या दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

हायपर-व्ही मॅनेजरचा एररचा मजकूर त्रोटक असतो म्हणून पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, जोडून बघितलं. लाल अक्षरांत लांबलचक मजकूर आला. हा मजकूर मी शेकडो वेळा पाहिला आहे. नाव बरोबर आहे का बघा, मशिन नेटवर्कवर आहे का बघा, फायरवॉलमध्ये विनआरएमला वाट आहे का बघा. दर वेळी मी इथवर वाचतो आणि खिडकी बंद करतो. त्या दिवशी शेवटचं वाक्य वाचलं. त्याचा अर्थ असा: नेटवर्क 'पब्लिक' प्रकारचं असेल तर विनआरएमची वाट फक्त त्याच सबनेटमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या, मशिन्सना उघडी असते.

मी खुर्चीत मागे टेकलो. व्हीपीएनचं सबनेट वेगळं आहे. मूळ मशिनने आपलं नेटवर्क 'पब्लिक' ठरवलं असेल तर शेजाऱ्यांना दार उघडं आणि मला बंद. पण ते असं अचानक का ठरवेल?

पेटी. विंडोज नेटवर्क ओळखतं ते गेटवेच्या, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या यंत्राच्या, आयपीवरून नाही, त्याच्या मॅक पत्त्यावरून, आणि तो पत्ता त्या त्या यंत्राचा स्वतःचा असतो. राखीव पेटीत मी सगळं तेच भरलं होतं, पण तिचा मॅक वेगळा. शनिवारी कपाट पुन्हा चालू झालं तेव्हा मशिनला गेटवेच्या जागी अनोळखी यंत्र दिसलं. अनोळखी नेटवर्कला विचारणा न करता 'पब्लिक' ठरवायचं, हा विंडोजचा नियम. एरवी तो शहाणपणाचाच आहे.

वाट त्यातच होती. मला बंद असलेलं दार त्याच सबनेटमधल्या कुणालाही उघडं होतं, आणि काउंटरची व्हर्च्युअल मशिन त्याच सबनेटमध्ये होती. तिच्यात लॉगिन केलं, तिथे विश्वासाची यादी भरली आणि तिथून मूळ मशिनवर पॉवरशेल उघडलं. मशिनच्या पोटात चालणाऱ्या मशिनमधून त्याच मशिनला हाक. पासवर्ड विचारला, दोन सेकंद गेले आणि सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात समोर आलं. नेटवर्कची माहिती मागवली:

नाव: नेटवर्क २
प्रकार: पब्लिक

एका ओळीची आज्ञा देऊन प्रकार 'प्रायव्हेट' केला. माझ्या डेस्कटॉपवरून ५९८५ पुन्हा तपासलं, लगेच लागलं. हायपर-व्ही मॅनेजरमध्ये तिन्ही मशिन्स दिसल्या. सव्वाएक वाजला होता, डिस्कवर ६ जीबी उरले होते.

चेकपॉइंट डेटाबेसच्या मशिनखाली दिसत होता, पण उजव्या क्लिकवर 'डिलीट' नव्हतं. बॅकअपने मागे सोडलेल्या चेकपॉइंटला ते नसतंच. तो पॉवरशेलमधूनच काढावा लागतो. फाइल एक्सप्लोररने ती फुगलेली फाइल पुसायची चूक काही लोक करतात. तसं केलं तर रविवारपासूनचं सगळं लिखाण तिच्याबरोबर जातं. आज्ञा देण्याआधी मी मूळ डिस्कची फाइल ठरावीक आकाराची आहे ना, हे बघितलं. वाढती असती तर मिसळताना तीही फुगली असती आणि उरलेले ६ जीबी तिनेच खाल्ले असते. ठरावीक होती. बॅकअप आणि त्याचं वेळापत्रक थांबवलं आणि आज्ञा दिली.

मॅनेजर साहेबांना फोन करून सांगितलं, अजून दोन-तीन तास जड चालेल, पण काम बंद करू नका, कुणी कपाटाला हात लावू नका. मिसळण मशिन चालू असतानाच होते. टक्के एकेक करून चढत होते. मी डबा तिथेच उघडला. चार वाजून दहा मिनिटांनी टक्के संपले, फुगलेली फाइल गेली आणि रिकामी जागा २०९ जीबी झाली.

मग राहिलेलं काम केलं. प्रकार पुन्हा कधी बदललाच तर अडू नये म्हणून व्हीपीएनच्या सबनेटसाठी फायरवॉलमध्ये वेगळा नियम घातला, कुठल्याही प्रकारच्या नेटवर्कला लागू होणारा. आणि मी ज्या वाटेने आत गेलो, ती बंद केली. काउंटरच्या मशिनमधून मूळ मशिनला हात लावता येणं त्या दिवशी उपयोगी पडलं, पण तिथे रोज चार माणसं बसतात आणि पेन ड्राइव्ह लावतात. ती वाट उघडी ठेवणं मला पटलं नाही.

पतसंस्थेच्या फाइलमध्ये गेटवेच्या आयपीखाली नव्या पेटीचा मॅक पत्ता लिहिला. संध्याकाळी बाकीच्या ठिकाणची हायपर-व्ही मशिन्स एकेक करून उघडली. एकूण नऊ आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी या पावसाळ्यात राउटर बदलले होते, आणि दोन्हीकडे ५९८५ पोर्टवर तीच शांतता होती.